ही आगगाडी कोणती?

संकेश्वर गावाला आगगाडी नाही. पुणे-बेंगळूरचा हमरस्ता आहे, हिरण्यकेशी नदी आहे, मिरचीचा नावाजलेला बाजार आहे, साखर कारखान्याचे धुराडे आहे. परंतु रुळांची जोडी पाहावयाची तर घटप्रभा किंवा चिकोडी रोड या स्टेशनांकडे जावे लागते, नाही तर उत्तरेस कोल्हापूर गाठावे लागते. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लागला, की गाव तेथून दूर आहे असे खुशाल समजावे, हे या भागातील प्रवाशांना अनुभवाने ठाऊक आहे. असे असूनही संकेश्वर, निपाणी, हुक्केरी, गडहिंग्लज या टापूतील जुन्या घरांच्या ट्रंका उघडल्या तर आगगाडीचे छायाचित्र निघणार नाही असे नाही. एखाद्या घरी वऱ्हाडाचा फोटो असतो आणि मागे डब्याचा अर्धाच भाग दिसतो. एखाद्या घरी पलटणीतला आजोबा इंजिनाच्या पायरीवर हात ठेवून ताठ उभा असतो. कोठे रेल्वेत खलाशी असलेल्या चुलत्याचा, निरोपसमारंभाच्या दिवशी सर्व मंडळींबरोबर काढलेला फोटो असतो. पाठीमागे तारीख नसते, गावाचे नाव नसते. असलेच तर पुसट शाईने दोन शब्द असतात, ‘आप्पा, गाडीजवळ.’

ही गाडी कोणती, हा प्रश्न घरातील माणसाला सहसा पडत नाही. त्याला आप्पा पुरेसे असतात. पण जगात अशीही माणसे आहेत, की ज्यांना आप्पांपेक्षा त्या गाडीचीच ओढ अधिक. ब्रिटिश आमदानीतील इंजिनांचे आणि डब्यांचे फोटो एकमेकांस दाखवावयाचे, आणि ते कोठले, केव्हाचे, कोणत्या कारखान्याचे हे ओळखावयाचे, हा त्यांचा छंद होय. वरवर पाहता हा रिकाम्या वेळेचा उद्योग वाटतो. त्यात पुराव्याची शिस्त किती आहे, हे जवळून पाहिल्यावरच कळते.

या छंदाचे माहेर इंग्लंड. लंडनमध्ये १८९९ साली रेल्वेप्रेमींचा क्लब निघाला, १९०९ साली स्टीफन्सनच्या नावाने इंजिनांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली, आणि १९२८ साली पत्रव्यवहार व प्रवास यांसाठी आणखी एक मंडळ निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, एका रेल्वे कंपनीच्या कचेरीतील इयन अ‍ॅलन नावाच्या तरुण कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका स्वतःच्या हिमतीवर छापली. इंजिनांविषयी विचारणा करणाऱ्या पत्रांना उत्तरे देऊन देऊन तो कंटाळला होता, एवढेच त्याचे निमित्त! पुढे त्या पुस्तिका हाती घेऊन शाळकरी मुलांच्या झुंडी फलाटांच्या टोकांना उभ्या राहू लागल्या. आपल्याकडे ही आवड उशिरा संघटित झाली. परंतु भारतीय इंजिनांची तपशीलवार यादी करण्याचे चिकाटीचे काम ह्यू ह्यूज या इंग्रज अभ्यासकाने केले, आणि त्याचे चार भाग १९९० ते १९९६ या काळात प्रसिद्ध झाले. इंजिनाचा क्रमांक वाचता आला, तर त्याचा जन्म कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात झाला हे अशा याद्यांवरून सांगता येते. क्रमांक वाचता आला नाही, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

ओळखणारा मनुष्य प्रथम रुळांकडे पाहतो. आपल्या देशातील ब्रॉडगेजच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर, मीटरगेजच्या रुळांत सव्वातीन फुटांहून किंचित अधिक, आणि बार्शीच्या छोट्या गाडीच्या रुळांत अवघे अडीच फुटांचे. खुद्द इंग्लंडातील मुख्य मार्गांचे माप चार फूट साडेआठ इंच. म्हणजे इंग्रजांनी आपल्या देशातील माप येथे आणलेच नाही. रूळ गवतात बुडालेले असले तर डब्याच्या तोंडाकडे पाहावे. ब्रॉडगेजच्या जुन्या गाडीला, इंग्लंडातील गाडीप्रमाणेच, डावी-उजवीकडे दोन बफर असत. मीटरगेजला मध्यभागी एकच बफर आणि त्यातच जोडणीचा आकडा. खिडक्यांवर उन्हासाठी झडपा किंवा पुढे आलेली छपरी, डब्याला दुहेरी छप्पर, इंजिनासमोर जनावरे बाजूला सारणारी जाळी, या खुणा दिसल्या की गाडी उष्ण देशातील असावी असे अनुमान निघते. त्या काळच्या काचेच्या तबकड्यांवर चित्र उमटावयास वेळ लागे. म्हणून बहुतेक जुन्या चित्रांत गाडी उभी असते, आणि मध्येच हललेला एखादा मुलगा धुक्यासारखा उमटलेला असतो.

सावलीचा पुरावा तर मोठा गमतीचा आहे. संकेश्वरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आरंभी व ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाशी गोळा होते. लंडनमध्ये असे कधीच घडत नाही. तेथे ऐन उन्हाळ्यातील मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांपेक्षा वर चढत नाही. त्यामुळे सहा फूट उंचीच्या माणसाची सावली तीन फुटांहून आखूड पडणे शक्य नाही. फोटोतील फायरमनची सावली त्याच्या बुटांपुरती असेल, तर ‘इंग्लंडातील गाडी’ हे खालचे शब्द निःसंशय चुकीचे. उलट बाजूने मात्र हे अनुमान चालत नाही. लांब सावली आपल्याकडेही सकाळी व संध्याकाळी पडतेच.

काळ ठरविण्यासाठी अक्षरे उपयोगी पडतात. संकेश्वरच्या पूर्वेकडून जाणारा मिरज-बेळगाव-लोंढे हा मार्ग मुळात सदर्न मराठा रेल्वेचा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक होरपळून निघाले, धान्य असूनही ते पोहोचविता आले नाही; आणि पुन्हा असा प्रसंग येऊ नये या हेतूने १८८२ साली ही कंपनी उभी राहिली. १८९० पर्यंत पुणे ते लोंढे मीटरगेजची गाडी सुरू झाली. कोल्हापूर संस्थानाने स्वखर्चाने बांधलेला मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ साली उघडला. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली, आणि डब्यांवर ‘एम. अँड एस. एम.’ ही अक्षरे आली. १९४४ साली तिचा कारभार सरकारने घेतला. १४ एप्रिल १९५१ रोजी सदर्न रेल्वे अस्तित्वात आली, २ ऑक्टोबर १९६६ रोजी साउथ सेंट्रल, आणि १ एप्रिल २००३ पासून बेळगावचा मार्ग हुबळीच्या साउथ वेस्टर्न रेल्वेकडे आहे. इंजिनांनाही १९५७ साली सबंध देशासाठी नव्या क्रमाने आकडे देण्यात आले. तेव्हा पुसट दोन अक्षरांवरूनही काळ बराच आवळता येतो. येथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली. कंपनी बदलली म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे डबे कोणी रंगवीत नाही. जुनी अक्षरे वर्षानुवर्षे तशीच फिरत राहतात. म्हणून अक्षरांवरून फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही एवढेच म्हणता येते; नंतरचा नाही, असे म्हणता येत नाही.

मिरजेचा फोटो असेल तर आणखी सोय. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. बेळगावकडची बाजू मात्र १९९० नंतरच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली, आणि पंढरपूरकडून येणारी बार्शीची गाडी अडीच फुटी रुळांवर धावतच होती. तिन्ही मापांचे रूळ एकाच गावी, असे दृश्य देशात थोड्याच ठिकाणी पाहावयास मिळे. ज्या चित्रात मिरजेची तिन्ही मापे सापडतील, त्याचा काळ त्या वीस-पंचवीस वर्षांतच बसवावा लागेल.

अशी साधने हाती असूनही फसगत होते, आणि ती मोठमोठ्यांची होते. पलटणीतल्या आजोबांचेच उदाहरण घ्यावे. मराठा पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि या सीमाभागातील कित्येक घरांतून सैन्यात जाण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजोबा मीटरगेजच्या गाडीजवळ उभे आहेत, डबे ओळखीचे आहेत, मागे सपाट माळ आहे. तेव्हा घरातील लोक म्हणणार, हे कुडचीच्या आसपासचे स्टेशन. परंतु पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होत्या. तेथे सैन्याच्या सोयीसाठी १९१६ साली बसऱ्याहून नासिरियेपर्यंत मीटरगेजचे रूळ टाकले गेले, आणि त्या रुळांवर इंजिने व डबे हिंदुस्थानातून नेलेले होते. गाडी आपली, माणूस आपला, आणि माती मात्र परकी! येथे रुळांचे माप काही सांगणार नाही, बफर सांगणार नाही. मागे खजुराची झाडे आहेत काय, आजोबांच्या डोक्यावर कोणता टोप आहे, हातावर कोणती पट्टी आहे, हेच पाहावे लागेल. इंजिने ओळखणारा येथे गप्प बसतो आणि पलटणीचे पोशाख ओळखणारा पुढे येतो.

याच्या नेमकी उलट गोष्ट बार्शीच्या गाडीची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत येथे आला. थोड्या खर्चात, हलक्या रुळांवर, परंतु दणकट गाडी चालविता येते असे त्याचे ठाम मत होते. कोणत्याही चाकांच्या जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचे मुख्य सूत्र. त्याच्या खटपटीने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर असे करीत १९२७ साली मिरजेस पोहोचली, आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या तिने वाहिल्या. या गाडीची पहिली इंजिने लीड्स येथील किटसन कारखान्याने बांधली होती. ती जहाजावर चढविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम अडीच फुटी रूळ टाकून त्यांची परीक्षा घेण्यात आली. म्हणून बार्शी लाइट रेल्वेचे इंजिन इंग्लंडच्या हिरव्या उतारावर, लांब कोट घातलेल्या साहेबांच्या गराड्यात उभे असल्याचे चित्र पाहावयास मिळाले, तर ते बनावट आहे असे समजण्याचे कारण नाही.

गोंधळ एवढ्यावर संपत नाही. त्याच कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली नावाचा चिमुकला मार्ग बांधला. तो १९०४ साली उघडला आणि १९३४ साली बंदही पडला. रुळांचे माप बार्शीचेच, कारखाना तोच किटसनचा. डब्यांच्या टोकांना मोकळ्या पडव्या, आणि इंजिनाच्या कपाळावर आपल्याकडच्या गाड्यांना असावा तसला भला मोठा दिवा. इंग्लंडात कुंपणांनी बंदिस्त केलेल्या मार्गावर त्या दिव्याचे काय काम होते, हे तो दिवाच जाणे! अशा गाडीचे खालची ओळ नसलेले चित्र समोर आले, तर बार्शीचे म्हणून चटकन सांगण्याचा मोह होतो. निकाल लागतो तो चाके मोजून. बार्शीच्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी दांड्यांनी जोडलेली मोठी चाके आठ, आणि त्यामागे लहान चार. मॅनिफोल्डच्या इंजिनांना पुढे लहान दोन, मध्ये जोडलेली सहा, मागे चार. दोन्ही बाजूंची चाके धरून हा हिशेब करावयाचा, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. शिवाय मॅनिफोल्डची इंजिने दोनच होती, आणि त्यांतील एकाच्या अंगावर तर खुद्द कॅल्थ्रॉपचेच नाव होते. हा गृहस्थ पुढे विमानातून उडी टाकण्याच्या छत्रीच्या नादी लागला. ते प्रकरण निराळे.

चुकीचे नाव एकदा छापले गेले, की ते पुसणे किती कठीण याचा नमुना आपल्या पहिल्या आगगाडीचाच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूगाडी गेली, हे शाळेतील पोरही सांगेल. त्या दिवसाचे म्हणून एक छायाचित्र वारंवार छापले जाते. त्यात खाडीवरच्या लांब पुलावर गाडी उभी आहे. आता विचार करावा. त्या दिवशी मार्ग ठाण्यापर्यंतच होता. खाडी ओलांडून कल्याणकडे जाणारा टप्पा १ मे १८५४ रोजी उघडला. तेव्हा पुलावरची गाडी ही पहिल्या दिवसाची असूच शकत नाही. ते चित्र १८५५ च्या आसपासचे आहे. एवढे साधे गणित करावयास ना इंजिनाची विद्या लागते ना मोठी पुस्तके. तरीही दरवर्षी एप्रिल उजाडला, की तेच चित्र त्याच नावाने पुन्हा दिसू लागते.

इंजिनांचा एक लाभ असा, की त्यांचे जन्मकालीन फोटो पुष्कळदा सुरक्षित आहेत. कारखान्यातून बाहेर पडताना इंजिनाला फोटोपुरता फिकट राखी रंग देत, म्हणजे प्रत्येक खिळा स्पष्ट उमटे. फोटोतील मागची पार्श्वभूमी पुसून टाकीत, आणि मग खरा रंग चढवून इंजिन बोटीवर रवाना होई. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचे असे संग्रह त्याच शहरात आहेत, मँचेस्टरच्या बायर-पीकॉक कारखान्याची कागदपत्रे तेथील विज्ञान संग्रहालयात आहेत, आणि यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात तर फोटोंचे भांडारच आहे. त्यामुळे बेळगावच्या फलाटावर धूर ओकणाऱ्या इंजिनाचा पाळण्यातला फोटो स्कॉटलंडात सापडतो. धारवाड-हुबळीकडे काम केलेल्या बासेल मिशनचे फोटोही स्वित्झर्लंडमध्ये क्रमवार लावून ठेवले आहेत, आणि त्यांच्या पाठीवरची टिपणे शाबूत आहेत. लिहून ठेवण्याची सवय किती मोलाची असते हे त्यावरून दिसते.

पण इंजिनाच्या अंगावर कारखान्याचे नाव, साल आणि अनुक्रमांक कोरलेली पितळी पट्टी असते. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर तशी पट्टी नसते. ओळख पटविण्याच्या या साऱ्या उद्योगात शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाची जन्मपत्रिका निघते, आणि फावडे हातात घेतलेला फायरमन, झेंडी धरलेला सांधेवाला, डोक्यावर पाटी घेतलेली कोळसा वाहणारी बाई, ही सारी ‘स्थानिक नोकर’ या दोन शब्दांत उरकली जातात. हौशी लोक कित्येकदा इंजिन मोठे दिसावे म्हणून माणसे कापूनही टाकतात. हा त्यांच्या छंदातील दोष आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. संकेश्वरच्या घरातील परिस्थिती याच्या बरोबर उलट. तेथे माणूस ठाऊक असतो, त्याचे लग्न कोणत्या साली झाले, तो कितव्या वर्षी वारला, पेन्शन कोठून आणीत असे, हे ठाऊक असते. आणि भिंतीवरच्या चौकटीत आप्पांचा चेहरा मोठा दिसावा म्हणून इंजिन कापलेले असते. दोन्हीकडे कात्री, आणि दोन्हीकडे अर्धेच चित्र.

ही दोन अर्धी जुळविणारी माणसे अद्याप आहेत, परंतु ती वृद्ध आहेत. मिरज-लोंढे मार्गावर मीटरगेजची गाडी ज्यांनी हाकली, सिग्नल ज्यांनी ओढले, घटप्रभेला इंजिनात पाणी भरताना ज्यांनी पाहिले, त्यांतील पुष्कळजण आज निवृत्तीच्या वयात असतील किंवा ते ओलांडून गेले असतील. वाफेच्या इंजिनांवर राबलेले तर त्याहून पुष्कळ वृद्ध. अशा मनुष्यापुढे फोटो ठेवला, की तो पुस्तकात नसलेले काही सांगतो. पाण्याच्या टाकीच्या अमुक बाजूला चिंचेचे झाड होते, तेव्हा हे स्टेशन पाच्छापूर नव्हे, सुळेभावी नव्हे. स्टेशनमास्तरांच्या खोलीला दोन पायऱ्या होत्या, येथे तीन दिसतात. आणि तो टोपीवाला आमच्या गँगचा मुकादम, त्याचे नाव अमुक. यांतील शेवटचे वाक्य ग्लासगोच्या कोणत्याही कपाटात मिळावयाचे नाही.

अशा भेटीला जाताना थोडी पथ्ये पाळावीत. फोटो चौकटीतून काढताना काचेला चिकटला असेल तर ओढू नये. काचेवरूनच त्याची नक्कल घ्यावी. नक्कल दोन्ही बाजूंची घ्यावी, कारण मागे स्टुडिओचा पुसट शिक्का असला तर तोही पुरावाच आहे. कडा कापू नयेत. डाव्या कोपऱ्यात निरुपयोगी म्हणून दिसणारा अर्धा खांब हाच पुढे स्टेशन ओळखून देतो. अक्षरे उलटी दिसत असतील तर फोटो उलटा छापला गेला आहे असे समजावे, आणि मगच फलाट कोणत्या बाजूस होता याचा विचार करावा. वृद्ध मनुष्य जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत टिपावे. त्याला खात्री नसेल तर तसेही नोंदवावे. आणि फोटोच्या पाठीवर लिहावयाचे ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. प्रथम डावीकडून उजवीकडे माणसांची नावे लिहावीत, त्याखाली गाव व साल, आणि हे कोणी सांगितले त्याचे नाव. इंजिनाच्या क्रमांकासाठी त्याखाली एक ओळ मोकळी सोडावी. ती भरून देणारा कोणी तरी, लीड्समध्ये असो की हुबळीत, भेटतोच.